समुद्रकाठचे बियाणे

बुलढाणा जिल्ह्याच्या लोणार तालुक्यातील बीबी या गावापासून समुद्र शेकडो मैल दूर आहे. वऱ्हाडच्या या पठारावरील पुष्कळ माणसांनी भरती-ओहोटी पाहिलेलीही नसते. मग शिंपल्यांच्या व्यवसायाचा इतिहास येथील श्रोत्यांनी कशासाठी ऐकावा, असा प्रश्न कोणी विचारल्यास त्याचे उत्तर येथल्याच शेतकऱ्याच्या घरात सापडते. वर्ष कितीही ओढगस्तीचे असो, पेरणीसाठी राखलेले बियाणे दळणात घालावयाचे नाही, हा नियम कोणत्याही सरकारने शिकविलेला नाही. बियाणे खाल्ले तर एक आठवडा पोट भरेल, परंतु पुढचे सबंध वर्ष उपाशी जाईल, हे शेतकरी अनुभवाने जाणतो. समुद्रकाठी मात्र हेच बियाणे पाण्याखाली असते. ते कोणा एकाच्या कणगीत नसते, त्यावर सर्वांची मालकी असते आणि म्हणूनच त्याची राखण कोणाचेच काम नसते. शिंपल्यांचा सारा इतिहास या एका अडचणीभोवती फिरतो.

प्रथम या प्राण्याची ओळख करून घेतली पाहिजे. कोकणात तिसऱ्या, शिवल्या, खुबे, शिनाणे, कालवे अशा निरनिराळ्या नावांनी ओळखले जाणारे हे जीव दोन शिंपांच्या संपुटात राहतात. तिसरी खाडीच्या वाळूत व गाळात रुतून असते. कालव खडकाला जन्मभर चिकटून बसते. शिनाणे तंतूंच्या आधाराने खडकाला धरून राहते. पाणी आत ओढून घ्यावे, त्यातील सूक्ष्म वनस्पती गाळून खाव्यात आणि उरलेले पाणी बाहेर सोडावे, हाच त्यांचा जीवनक्रम. एकेक मादी लक्षावधी अंडी पाण्यात सोडते. त्यांतून निघालेली डोळ्यांस न दिसणारी पिल्ले काही दिवस, कधी दोन-तीन आठवडे, प्रवाहाबरोबर भटकतात आणि मग अनुकूल जागा सापडली तर तळाशी स्थिरावतात. त्यांतील बहुतेक मरतात. इतकी अंडी असताना हा प्राणी संपेल कसा, असे वाटणे स्वाभाविक आहे. पण हाच समज अनेकांना भोवला. मासा निदान पळून तरी जातो. शिंपला जेथे बसला तेथेच बसतो, आणि ज्याच्या हाती टोपली आहे त्याला तो आयता सापडतो.

शिंपल्यांचा उपसा आणि त्यावरील राजसत्तेचा ताबा यांचा सर्वांत जुना भारतीय इतिहास मन्नारच्या आखातातील मोत्यांचा होय. भारताचे दक्षिण टोक आणि श्रीलंका यांच्या मधल्या या उथळ समुद्रात मोत्याच्या शिंपल्यांचे विस्तीर्ण थर आहेत. पांड्य राजांच्या काळी कोरकई हे मोत्यांचे बंदर होते. इसवी सनाच्या पहिल्या शतकातील एका ग्रीक प्रवासवर्णनात तेथे दंड झालेल्या कैद्यांकडून मोती काढविले जात असल्याचा उल्लेख आहे. पुढे पोर्तुगीज आले. त्यांच्यानंतर १६५८ मध्ये तूतुकुडी व मन्नार डचांच्या हाती गेले, आणि १७९६ मध्ये श्रीलंकेचा किनारा इंग्रजांनी घेतला. राज्ये बदलली तरी पाण्यात उतरणारे पाणबुडे तेच राहिले, आणि मोत्यांचा मोठा वाटा राजाचा हा नियमही तसाच राहिला.

या व्यवसायात एक गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. मोती काढण्याची परवानगी दरवर्षी मिळत नसे. सरकारी निरीक्षक आधी थरांची पाहणी करीत, नमुन्यादाखल काही हजार शिंपले वर काढीत, त्यांतील मोत्यांची जोहऱ्यांकडून किंमत ठरवून घेत, आणि शिंपले पुरेसे जून झाले असतील तरच हंगाम जाहीर होई. श्रीलंकेच्या किनाऱ्यावर काढलेल्या शिंपल्यांचे दोन भाग सरकारचे व एक भाग पाणबुड्यांचा असे. सरकारी भागाचा हजारावारी लिलाव होई. कागदावर पाहिले तर ही व्यवस्था उत्तम होती: पाहणी, मोजणी, परवानगी आणि मग उपसा. तथापि सरकारच विक्रेता असल्यामुळे खजिन्याची गरज आणि थरांची गरज यांत झगडा झाला की खजिना जिंकत असे. इंग्रजांनी श्रीलंकेत आल्याबरोबर १७९६, १७९७ व १७९८ अशी लागोपाठ तीन वर्षे मोती काढले; त्यानंतर उत्पन्न आटले.

पुढील शतकात हाच क्रम पुन्हा पुन्हा दिसतो. १८९१ नंतर अकरा वर्षे श्रीलंकेच्या थरांवर मोत्यांचा हंगामच झाला नाही. तेव्हा सरकारने लिव्हरपूलचे प्राणिशास्त्रज्ञ विल्यम हर्डमन यांना पाचारण केले. त्यांचे सहकारी म्हणून जेम्स हॉर्नेल हे आले. हर्डमन यांचा पाच खंडांचा अहवाल १९०३ ते १९०६ या काळात प्रसिद्ध झाला. दरम्यान १९०३ पासून थर पुन्हा भरले, आणि १९०५ च्या एकाच हंगामात सुमारे ८ कोटी शिंपले वर काढले गेले. हे वैभव पाहून १९०६ मध्ये एका विलायती कंपनीने ३,१०,००० रुपये वार्षिक खंड ठरवून वीस वर्षांचा मक्ता घेतला. परंतु १९०७ नंतर तिला काढण्यासारखे शिंपलेच मिळेनात. १९१२ मध्ये ती मोडीत निघाली. यात निसर्गाचा दोष किती आणि अति उपशाचा किती, याविषयी जाणकारांत मतभेद राहिले. प्रवाहाने पिल्ले वाहून जातात, वाळूखाली थर गाडले जातात, मासे त्यांवर तुटून पडतात, हे सर्व खरे. पण ज्या प्राण्याची पैदास इतकी बेभरवशाची, त्याच्या बाबतीत भरपूर पिकाच्या वर्षी हात आखडता घेणे अधिकच आवश्यक असते. नेमके त्याच वर्षी माणसाला ते सुचत नाही. ठरलेला खंड दरसाल भरावा लागणारा मक्तेदार तर थांबूच शकत नाही. त्याचा करार समुद्राच्या लहरीशी जुळणारा नसतो.

भारताच्या बाजूला, तूतुकुडीजवळ, १९५५ ते १९६१ या काळात मोत्यांचे हंगाम झाले. तो तेथील शेवटचा मोठा बहर ठरला. त्यानंतर वाट बदलली. केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने १९७३ मध्ये तूतुकुडी येथे शिंपल्यात कृत्रिम रीतीने मोती तयार करून दाखविला, आणि १९८१ मध्ये शिंपल्यांची पिल्ले प्रयोगशाळेत वाढविण्यात यश मिळविले. जे हजारो वर्षे केवळ वेचले जात होते ते आता पेरता येऊ लागले. याच किनाऱ्यावर शंखांच्या बाबतीत एक साधा नियम चालत आला, त्याचीही नोंद केली पाहिजे. सव्वादोन इंचांहून कमी व्यासाचा शंख परत समुद्रात सोडावयाचा, हा तो नियम. अशा नियमाला मोठे शास्त्र लागत नाही. तेवढ्या मापाचे भोक पाडलेली एक पट्टी असली की अक्षरशत्रू पाणबुड्यासही तो पाळता येतो आणि निरीक्षकासही तपासता येतो.

मराठी राज्यकर्त्यांचा या विषयाशी आलेला संबंध फारसा कोणाच्या स्मरणात नाही. सौराष्ट्राच्या पश्चिम टोकाचा ओखामंडळ हा मुलूख बडोद्याच्या गायकवाडांच्या ताब्यात होता. तेथील उथळ आखातात मोत्यांचे शिंपले आणि चपट्या, पारदर्शक शिंपांचे खिडकी-शिंपले सापडत. खिडकी-शिंपल्यातील मोती बारीक व हलक्या प्रतीचे. ते दागिन्यांपेक्षा औषधांकडे अधिक जात. तिसरे सयाजीराव महाराज यांच्या कारकिर्दीत बडोदे सरकारने या किनाऱ्याची पाहणी करण्याचे काम त्याच हॉर्नेल यांजकडे सोपविले. त्यांच्या अहवालाचा पहिला भाग १९०९ मध्ये आणि दुसरा १९१६ मध्ये छापला गेला. समुद्रातून काय मिळते याच्याआधी समुद्रात काय आहे हे पाहावे, असे एका देशी संस्थानाला त्या काळी वाटले, ही गोष्ट लहान नव्हे. मोजणीवाचून मर्यादा ठरविता येत नाही, आणि मर्यादेवाचून राखण होत नाही.

या खिडकी-शिंपल्याची दुसरी कथा गोव्यात घडली. काचेचा प्रसार होण्यापूर्वी गोव्यातील घरांच्या व देवळा-चर्चांच्या खिडक्यांना या शिंपा चौकोनी कापून लाकडी चौकटीत बसवीत. ऊन अडे, उजेड मात्र मंद होऊन आत येई. जुन्या वाड्यांतून आजही अशा खिडक्या दिसतात. काच स्वस्त झाल्यावर ही मागणी ओसरली, पण शिंपल्याचे मांस आणि शोभेच्या वस्तू यांसाठी उपसा चालूच राहिला. मांडवी व झुआरी या नद्यांच्या परिसरातील थर क्षीण होत गेले. झुआरीच्या मुखाजवळील चिखली येथील उपसागर हा या प्राण्याचा उरलेला आसरा म्हणून अभ्यासकांच्या लक्षात आला. पुढे वन्यजीव संरक्षण कायद्याच्या अनुसूचीत या शिंपल्याचे नाव घालण्यात आले. व्याघ्र व गज यांच्या रक्षणासाठी केलेल्या कायद्यात चिखलात पडून राहणाऱ्या शिंपल्याचे नाव यावे, यावरूनच त्याची स्थिती किती खालावली होती ते कळते. सरसकट बंदी हा उपाय अखेरचा असतो. वेळेवर मर्यादा घातली असती तर बंदीची वेळ आली नसती.

युरोपातही निराळे घडले नाही. आगगाडीमुळे समुद्रकाठची कालवे दूरच्या शहरांतील ताटांत पोहोचू लागली आणि फ्रान्सच्या किनाऱ्यावरील जुने थर उजाड झाले. तेव्हा, एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास, व्हिक्टर कोस्त यांनी तिसऱ्या नेपोलियनच्या आश्रयाने कालवांच्या लागवडीचे प्रयोग सुरू केले. जर्मनीत कार्ल मोबियस यांनी श्लेस्विग-होल्स्टाइनच्या थरांचा अभ्यास करून १८७७ मध्ये एक ग्रंथ लिहिला. कालवांचा थर म्हणजे नुसता कालवांचा ढीग नव्हे. तेथे राहणारे सर्व जीव, पाणी, तळ आणि अन्न यांचा तो एक परस्परावलंबी समाज आहे, हा विचार त्यांनी मांडला. त्यातील एक घटक मर्यादेबाहेर काढला की साऱ्या समाजाचा तोल जातो. सृष्टीतील जीवसमूहाविषयीची ही मूलभूत कल्पना कालवांच्या थरावरून निघाली, हे विद्यार्थ्यांना सांगण्यासारखे आहे.

येथवरच्या कथा बहुतेक हानीच्या आहेत. परंतु आपल्याच पश्चिम किनाऱ्यावर, केरळातील कोल्लमजवळच्या अष्टमुडी सरोवरात, एक निराळी कथा घडली. तेथे सापडणारी पिवळ्या पायाची तिसरी हीच कोकणातल्या खाड्यांतही आढळते. १९८० नंतर तिला परदेशांत मागणी आली. पूर्वी गावापुरती वेचली जाणारी वस्तू गोठवून जहाजांत भरली जाऊ लागली. १९९१ पर्यंत वार्षिक उत्पन्न १०,००० टनांच्या आसपास गेले, आणि १९९३ पर्यंत ते निम्म्याने घसरले. मन्नारमध्ये घडले तेच येथे घडणार, असा रंग दिसू लागला.

त्या वेळी केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेचा सल्ला, केरळ सरकारचा हुकूम आणि तेथल्या कष्टकऱ्यांची संमती या तीन गोष्टी एकत्र आल्या. नियम थोडे आणि स्पष्ट करण्यात आले. डिसेंबर ते फेब्रुवारी हे तीन महिने, म्हणजे मुख्य विणीचा काळ, उपसा बंद. जाळ्याचा आस ३० मिलिमीटरांहून लहान नसावा. एक किलो मांसात १,४०० पेक्षा अधिक नग बसतील इतक्या लहान तिसऱ्या निर्यात करू नयेत. आणि यंत्राने तळ खरवडू नये; काम हातानेच चालावे.

या चार नियमांची बैठक सूक्ष्मपणे पाहिली पाहिजे. पहिला नियम विणीला अवधी देतो. दुसरा लहान जीवांना जाळ्यातून निसटू देतो. तिसरा नियम खाडीत पहारा ठेवीत नाही. तो व्यापाऱ्याच्या तराजूपाशी उभा राहतो. लहान माल विकलाच जात नाही म्हटल्यावर तो काढण्याचे कारण उरत नाही. हजारो हातांवर नजर ठेवण्यापेक्षा मोजक्या कारखान्यांच्या दारावर नजर ठेवणे सोपे असते. चौथा नियम तळ वाचवितो, आणि त्याचबरोबर गरिबाचे कामही वाचवितो; कारण एक यंत्र आले की शंभर माणसांचे हात रिकामे होतात. पुढील वर्षांत उत्पन्न पुन्हा १०,००० टनांच्या आसपास स्थिरावले. वेचणे, धुणे, सोलणे व विकणे यांवर सुमारे ३,००० माणसांचा निर्वाह चालू लागला. २०१४ मध्ये लंडनच्या मरीन स्टुअर्डशिप कौन्सिल या संस्थेने या व्यवसायाला मर्यादाशील मासेमारीचे प्रमाणपत्र दिले. असा मान मिळविणारा भारतातील तो पहिला व्यवसाय ठरला.

म्हणून तेथे सर्व आलबेल झाले असे मात्र समजू नये. २०१८ च्या सुमारास परदेशातून आलेल्या एका जातीच्या शिनाण्यांनी अष्टमुडीत मुक्काम ठोकला आणि देशी जीवांची जागा व्यापण्यास सुरुवात केली. तिसऱ्यांचे उत्पन्न पुन्हा घटले, तेव्हा प्रयोगशाळेत वाढविलेली पिल्ले सरोवरात सोडण्याचे काम हाती घ्यावे लागले. शेतकऱ्याने बियाणे राखले तरी टोळधाड येऊ शकते. म्हणून बियाणे राखणे व्यर्थ ठरत नाही. राखलेले असते म्हणूनच पुन्हा पेरता येते.

आता महाराष्ट्राकडे वळू. रत्नागिरीजवळच्या काळबादेवी व भाट्ये या खाड्यांत, तसेच सिंधुदुर्गातील अनेक खाड्यांत, उधाणाच्या ओहोटीला पाणी दूर गेले की बायका टोपल्या घेऊन चिखलात उतरतात. कमरेइतक्या पाण्यात पायाने चाचपून, हाताने उकरून तिसऱ्या गोळा करतात. या कामाला होडी लागत नाही, भांडवल लागत नाही. म्हणून ज्यांच्याजवळ यांपैकी काही नाही त्यांचे ते हक्काचे काम असते. महाराष्ट्राचा सागरी मासेमारी नियमनाचा कायदा १९८१ चा आहे. पावसाळ्यात १ जून ते ३१ जुलै यांत्रिक नौकांना बंदी असते, आणि २०२३ मध्ये ५४ जातींसाठी पकडण्याचे किमान माप ठरविण्यात आले. परंतु पायी चालत चिखलात उतरणारी बाई नौकांच्या नियमांत कोठेच येत नाही. तिला बंदी नाही, तसे संरक्षणही नाही. खाडीतील रेतीचा उपसा झाला, शहराचे सांडपाणी आत आले, तिवरे तोडली गेली, तर थर नाहीसा होतो. त्याचा जाब मात्र कोणी देत नाही.

येथे न्यायाचा प्रश्न उभा राहतो. विणीचे तीन महिने उपसा थांबवा, असे सांगणे सोपे आहे. पण त्या महिन्यांत चूल कशावर पेटावी, हे सांगितल्यावाचून तो उपदेश पोटभरल्यांचा ठरतो. सिंधुदुर्गात याचे एक उत्तर शोधले जात आहे. संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाच्या साहाय्याने आणि पुढे राज्याच्या कांदळवन प्रतिष्ठानाच्या आधाराने तेथील स्त्रियांच्या बचत गटांनी कालवे व शिनाणे दोरांवर आणि तराफ्यांवर वाढविण्याचे काम शिकून घेतले. केरळच्या उत्तर भागातील स्त्रियांनी शिनाण्यांची अशी शेती आधीच रूढ केली होती. शिंपल्याला खाद्य घालावे लागत नाही, पाणी त्याला पोसते. म्हणून ही शेती गरिबाच्या आवाक्यातील आहे. वेचणारी पेरणारी झाली की थांबण्याचे महिने तिला उपासाचे वाटत नाहीत.

या सर्व इतिहासातून काही गोष्टी निर्विवादपणे दिसतात. मन्नारमध्ये राजाने राखले, पण त्याची नजर खजिन्यावर होती. मक्तेदाराने घेतले, पण त्याची मुदत ठरलेली होती. गोव्यात कोणीच वेळेवर राखले नाही, आणि शेवटी कायद्याला दार बंद करावे लागले. अष्टमुडीत ज्यांचे पोट त्या पाण्यावर होते त्यांनाच नियमात भागी करून घेतले, शास्त्रज्ञाने मोजून दिले, सरकारने शिक्का मारला आणि व्यापाऱ्याच्या तराजूला माप लावले. तेथे निदान सावरण्याची शक्ती शिल्लक राहिली. अशीच कसोटी वऱ्हाडातील गायरानाला आणि गावतळ्यालाही लावून पाहावी. निष्कर्ष वेगळा निघणार नाही.

कोकणच्या खाड्यांतील थर अजून संपलेले नाहीत. तेथे प्रत्येक खाडीची मोजणी व्हावी, लहान तिसरी परत टाकण्याचे माप बाजारातच लागू व्हावे, विणीचा काळ त्या त्या खाडीच्या पाहणीवरून ठरावा, आणि या सर्व बैठकांत टोपली घेऊन उतरणाऱ्या बाईचा शब्द पहिला ऐकला जावा. ओहोटी दिवसातून दोनदा येते. थर एकदा गेला की तो परत येईलच अशी हमी समुद्र देत नाही.